सहा रिव्हेटांची पट्टी

१२ मार्च

भाऊजी,

जुन्या गाड्यांच्या संघाच्या नोंदवहीची नवी आवृत्ती तुम्ही काढताय, तिच्यातलं आमच्या गाडीचं पान तपासायला पाठवलंत, ते परवा मिळालं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

पानावर छापलं आहे : "गाडी क्रमांक २१२. चासी त्या काळची नाही. क्रमांक नंतर ठोकलेला दिसतो."

पान आलं त्या दिवशी ह्यांना जाऊन बरोबर तीन महिने झाले होते. त्यांना ते वाचावं लागलं नाही, एवढंच बरं.

चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, यापलीकडे मला आजवर काही माहीत नव्हतं. पण ही ओळ वाचून लोक काय समजणार ते कळायला गाडीतलं कळावं लागत नाही. ह्यांचं किल्ल्या करायचं दुकान. आकडे ठोकायचे ठसे ह्यांच्या पेटीत आयुष्यभर पडलेले. संघातला प्रत्येक जण म्हणणार, किल्लीवाल्यानं घरबसल्या नंबर ठोकला. म्हणायला लागलेही आहेत. रविवारी बाजारात संघाचे चिटणीस भेटले. "झालं ते झालं, बाई. हौसेपोटी माणूस करून बसतो," म्हणाले. "काय करून बसतो?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागले.

शेजारचे मास्तर एकदा किल्ली विसरून घराबाहेर अडकले होते. त्यांचं स्वतःचं कुलूप उघडून द्यायलाही ह्यांनी गल्लीतले दोन साक्षीदार बोलावले. मास्तरांनी वर्षभर तोंड पाहिलं नाही आमचं. असा माणूस नंबर ठोकेल?

ह्यांच्या पेटीतले सगळे ठसे मी पत्र्याच्या तुकड्यावर ठोकले आहेत. तो सोबत आहे. दोनचा आकडा पाहा. ह्यांच्या दोनची शेपटी सरळ आहे, चासीवरच्या दोनची वर वळलेली.

तुमच्यात आणि ह्यांच्यात दोन वर्षं अबोला होता. कारण ह्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तो राग या ओळीत उतरला असं मी म्हणत नाही. पण ओळ काढा, नाही तर सिद्ध करा.

वहिनी


२० मार्च

वहिनी, नमस्कार.

तुमचा राग समजू शकतो. दादा माझा आतेभाऊ होता, पण वाढलो आम्ही सख्ख्या भावांसारखे. आमच्यातला अबोला घरगुती कारणाचा होता. त्याचा इथे काही संबंध नाही.

पत्रा पाहिला. हे आकडे त्या पेटीतल्या ठशांचे नाहीत, हे मान्य. पण जगात दुसरे ठसे आहेत. दादानं केलं असं मी कुठे लिहिलंय? 'नंतर ठोकलेला दिसतो', एवढंच लिहिलंय.

मी तसं का लिहिलं ते सांगतो. चासीला पुढून मागे जाणारे दोन लांब दांडे असतात. मागच्या टोकाला ते एका आडव्या पट्टीनं जोडलेले असतात, आणि पट्टीचं प्रत्येक टोक रिव्हेट, म्हणजे डोक्याचे जाड खिळे, ठोकून दांड्याला बसवलेलं असतं. कारखान्यानं पहिल्या तीनशे गाड्यांना टोकाला चार रिव्हेट ठोकले. खराब रस्त्यांवर गाड्या मागच्या बाजूला सैल पडायला लागल्या, तेव्हा तीनशेच्या पुढे पट्टी रुंद केली आणि सहा ठोकले. ही यादी माझ्या बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी एकेका गाडीखाली स्वतः आडवं होऊन केली. तुमच्या गाडीवर क्रमांक आहे २१२ आणि पट्टी आहे सहाची. म्हणजे चासी नंतरची, नंबर आधीचा. दुसरा अर्थ मला तरी लागत नाही.

एक वाट आहे. मधल्या काळात कुणी मोडकी पट्टी काढून नवी बसवली असेल, तर जुनी चार भोकं बुजवलेली सापडतील. चारांची जागा आणि सहांची जागा कुठेच एकमेकांवर येत नाही, त्यामुळे ती लपायची नाहीत. ती सापडली तर मी 'मूळ चासी, पट्टी बदललेली' असं आनंदानं लिहीन.

नोंदवही तीस जूनला छापायला जाते. तब्येतीला जपा.

भाऊजी


९ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही वाट दाखवलीत, म्हणून मी गाडीखाली गेले.

कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीनं मागची चाकं उचलून खाली लाकडी ठोकळे लावून दिले. मापाची फीत माझ्या गळ्यात सवयीनं असतेच. तो म्हणाला, "बाई, गाडीला कोट शिवताय की काय?" म्हटलं, "आधी जुना उसवून बघते." त्यावर बिचारा हसला नाही. माझ्या डोक्याखाली पोतं सरकवून गेला.

चार दिवस लागले. दोन्ही टोकांवरचा रंग आणि वंगणाचे थर रॉकेलनं आणि पॉलिशपेपरनं काढले. नखाएवढी जागा सोडली नाही. दांडा आतून-बाहेरून लखलखीत झाला आहे, तोंड दिसेल इतका.

जुनी भोकं नाहीत. एकही नाही.

ती सापडावीत म्हणूनच मी खाली गेले होते. सापडली असती तर तुम्ही ओळ बदलली असती आणि हा विषय तिथेच संपला असता. पण नाहीत, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

मी सव्वीस वर्षं शिवणशाळेत कपडे बेतायला शिकवते. शिलाईच्या आत माया ठेवलेली असते, कपडा घट्ट झाला की ती सोडतात. पण जुन्या टाक्यांची भोकं राहतातच, कितीही इस्त्री मारा. कपडा कुणी उसवला आहे की नाही ते मी बोटानं सांगू शकते. ही चासी उसवलेली नाही. ती सहा रिव्हेट घेऊनच जन्माला आली.

नंबराच्या जागेवर मी भिंग धरून बसले. तिथे आधीचा आकडा घासून काढल्याची खूण नाही. लोखंडाची जाडी आजूबाजूला आहे तेवढीच आहे. मिस्त्रीनंही मोजली. तुम्ही येऊन मोजा.

म्हणजे नंबर खरा आणि पट्टीही खरी. मग चुकीचं काय उरलं, भाऊजी? यादी.

एकशे ऐंशीपासून तीनशेवीसपर्यंतच्या जितक्या गाड्या अजून आहेत, त्यांच्या मालकांचे पत्ते मला हवे आहेत.

वहिनी


१६ एप्रिल

वहिनी,

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. बाबांनी या यादीपायी पाठ मोडून घेतली. चाळीस वर्षं सगळे मालक तिच्यावर गाड्या ओळखतायत, कुणाची तक्रार नाही. आता एका गाडीसाठी म्हणायचं की यादीच चुकीची? हा न्याय मला पटत नाही.

तरी पत्ते पाठवतो. नाही तर म्हणाल, भाऊजींनी अडवलं. एकूण अकरा आहेत. म्हातारी माणसं आहेत, किती जण वाकून बघतील देव जाणे.

माझी २३१ त्यात धरलेली नाही. बाबांनी यादीचा नमुना म्हणून तीच घेतली होती. तिच्या पट्टीला टोकाला चार रिव्हेट आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती पुन्हा तपासायची गरज नाही.

भाऊजी


२८ मे

भाऊजी,

अकरा जणांना पत्रं गेली होती. नऊ जणांची उत्तरं आली. उरलेल्या दोघांपैकी एकाची गाडी विकली गेली आहे, दुसऱ्यांचं अजून काही नाही.

वर्णन मागवलं तर प्रत्येक जण आपल्याला हवं तसं लिहितो, हे शाळेत शिकले आहे. म्हणून प्रत्येकाला बटर पेपर पाठवला. दांड्याचा रंग काढायचा, कागद दाबून धरायचा आणि वरून मऊ पेन्सिल आडवी घासायची. रिव्हेट उमटतात. बुजवलेलं भोक असेल तर त्याचं कडं उमटतं. गाडीचं तोंड कुठल्या बाजूला ते बाणानं दाखवायचं. बस्स.

माणसं वाकली, भाऊजी. एक निवृत्त नर्स आहेत, त्यांच्याकडे २१९ आहे. गुडघे चालत नाहीत म्हणून त्यांनी गाडी उतारावर उभी केली आणि पायरीवर बसून मागून हात घातला. कागदावर त्यांचा अंगठाही उमटला आहे. २४७ वाल्यांनी लिहिलं, "माझी गाडी खोटी निघाली तर हे पत्र जाळा, खरी निघाली तर चौकटीत लावा." मी उत्तर दिलं की फाईलला लावते.

कागद सोबत आहेत. थोडक्यात सांगते. १८७ आणि २०३ ला चार रिव्हेट. २०८ ला सहा. आमच्या २१२ ला सहा. २१९ ला सहा. मग २२४ ला पुन्हा चार. २४७ आणि २६६ ला सहा, आणि २९१ ला परत चार. सहावाल्या एकाही गाडीत बुजवलेलं भोक नाही.

तुम्ही आणि तुमचे बाबा, आमचे मामा, अशी एक तारीख धरून बसलात, की आज चार होते आणि उद्यापासून सहा. कारखाना असा चालत नाही. आमच्या शाळेत गणवेशाचा नवा बेत आला म्हणून आधी बेतून ठेवलेल्या बाह्या कुणी फेकून देत नाही. काही महिने दोन्ही शिवल्या जातात. जिच्या हाताला जी बाही लागते, ती तिनं लावली. तिथेही तेच झालं असणार. नव्या पट्ट्या आल्या, जुन्यांचा ढीग कोपऱ्यात होताच. ढीग संपायला शंभर गाड्या लागल्या.

एक कागद मी बाजूला ठेवला आहे. २५८ चा. मालक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या गाडीला चार रिव्हेट आहेत, पण त्यांच्याशेजारी प्रत्येक बाजूला सहा बुजवलेली भोकं उमटली आहेत. म्हणजे ही गाडी उसवलेली आहे, आणि उलट्या दिशेनं : सहाची काढून चारची बसवली. डॉक्टर लिहितात, त्यांच्या वडिलांच्या वेळी एक गृहस्थ आले होते. "तुमच्या गाडीला चुकीची पट्टी लागलीय," म्हणाले, आणि स्वतः दोन दिवस खपून बदलून दिली. चहासुद्धा घेतला नाही. नाव डॉक्टरांना आठवत नाही. मीही पुढे विचारलं नाही.

२३१ साठीचा कागद या पाकिटात आहे. घासून पाठवा.

वहिनी


१७ जून

वहिनी,

तुमचं पत्र येऊन पंधरवडा होऊन गेला. पहिले दहा दिवस मी पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं. रोज उघडून बघत होतो, कागद आपोआप घासला गेलाय का.

रविवारी खाली गेलो. घरात सांगितलं, तेल गळतंय. रॉकेल लावलं, रंग काढला. डावीकडे सहा बुजवलेली भोकं, उजवीकडे सहा. सगळी भोकं लोखंडानं भरून वरून कानशीनं इतकी साफ केलीत की रंग असताना देवालाही दिसली नसती. कानस एकाच दिशेनं, उलट न आणता मारलेली. तसा हात एकाच माणसाचा होता. मला बाबांनीच शिकवलं तसं. कागद सोबत आहे.

मग बाबांच्या जुन्या वह्या काढल्या. एकीत मागच्या पानावर सात क्रमांक आहेत, वर लिहिलंय 'सुधारल्या'. पहिला २३१. दुसरा २५८.

ते खोटं वागले नाहीत, वहिनी. त्यांना सुरुवातीला ज्या पाच-सहा गाड्या पाहायला मिळाल्या, त्या नेमक्या चारवाल्या निघाल्या. त्यावरून नियम बांधला. मग सहावाली दिसली की त्यांना वाटायचं, कुणीतरी या गाडीचं वाटोळं केलंय, आपण नीट करून देऊ. आणि नीट केलेली गाडी पुन्हा यादीत पुरावा म्हणून जायची. मी ती यादी उराशी धरून बसलो.

आणखी एक सांगायचं आहे. ते लपवून तुम्हाला पत्र लिहिता येईना, म्हणून इतका उशीर. अबोल्याचं कारण घरगुती नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दादानं मला लिहिलं होतं, "मामांनी तुझ्या गाडीची पट्टी बदलली होती का, एकदा खाली वाकून बघ. काही निघालं तरी मी कुणाला सांगणार नाही." मी उलट टपाली कळवलं, की बाबांवर शंका घेणाऱ्याशी मला बोलायचं नाही. त्यानं खरंच कुणाला सांगितलं नाही. तुम्हालासुद्धा नाही, हे तुमच्या पहिल्या पत्रावरून कळलं. तुमच्या गाडीवरची ती ओळ मी लिहिली, तेव्हा त्याचं पत्र माझ्या कपाटात होतं. मामांचं नाव राखायला तो स्वतःची गाडी संशयात ठेवून गेला, आणि मी त्या संशयावर छापील शिक्का मारायला निघालो होतो.

२१२ चं नवं पान सोबत पाठवतोय, पाहून घ्या. छपाईला तेरा दिवस आहेत. आता मला सांगा, बाबांचं काय करू? तुमच्या पानापुरतं सुधारून यादी तशीच ठेवता येईल. कुणाला कळणार नाही. किंवा सगळं छापता येईल, आणि मग चाळीस वर्षं ज्यांच्यापुढे लोक उठून उभे राहिले, त्यांचं नाव माझ्याच हातून जाईल. तुम्ही म्हणाल तसं करतो. ठरवायचा अधिकार मला उरलेला नाही.

भाऊजी


२१ जून

भाऊजी,

पत्र वाचलं. दोनदा.

ह्यांनी तुम्हाला लिहिलेलं ते पत्र मला पाठवा. नक्कल नको, मूळ. परत मिळणार नाही.

ह्यांनी ते मला सांगायला हवं होतं. तीस वर्षं एका ताटलीतलं खाल्लं आम्ही. आता भांडायला माणूस नाही. तुमच्याशी भांडणार नाही, कारण तुम्ही खाली गेलात आणि कागद घासून पाठवलात. तसं केलं नसतंत तर मी काय करणार होते? दहा कागद घेऊन संघाच्या सभेत उभी राहणार होते. मला चार माणसांत बोलायची सवय नाही, पण उभी राहिले असते.

यादी तशीच ठेवायची नाही. माझ्यापुरतं पान सुधारलं की मी गप्प बसेन असं वाटलं असेल, तर तसं नाही. नर्सबाईंच्या २१९ वरही उद्या कुणीतरी तीच ओळ लिहील. त्यांना पत्र्यावर ठसे ठोकून दाखवायला कोण आहे?

मामांचं असं करा. यादीच्या जागी कागदांवर जे उमटलं आहे ते छापा, चार आणि सहा, क्रमांकानुसार, मिसळलेलं. २३१ आणि २५८ पुढे लिहा, 'मूळ पट्टी सहाची, पुढे चारची बसवलेली.' खाली एक ओळ : 'पहिली यादी करणाऱ्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे सात गाड्यांच्या पट्ट्या बदलल्या.' नाव घाला. माफी मागू नका आणि गौरवही करू नका. ज्या माणसानं दोन दिवस खपून चहासुद्धा घेतला नाही, त्याच्याबद्दल लोक काय ते ठरवतील. वाईटच ठरवतील असं समजू नका. उरलेल्या पाच गाड्या आता कुठे आहेत ते शोधा, त्यांच्या मालकांना मी कागद पाठवते.

आता २१२ चं पान. तीन दुरुस्त्या आहेत.

'चासी मूळची, मागची पट्टी सहा रिव्हेटांची' हे बरोबर आहे, तसंच ठेवा. त्यापुढे 'अत्यंत सचोटीचे, निगर्वी गृहस्थ, संघ त्यांना कधीही विसरणार नाही' असं तुम्ही घातलं आहे. ते काढा. कुणाला शंकाच नसेल तर सचोटीचं प्रमाणपत्र लागत नाही. नोंद गाडीची आहे.

'तपासणी' या रकान्यात तुम्ही स्वतःचं नाव लिहिलं आहे. तुम्ही डिसेंबरच्या शेवटी येऊन बॅटरीच्या उजेडात पंधरा मिनिटं पाहून गेला होतात. चार दिवस खाली मी होते. माझं नाव घाला.

'मालक' या रकान्यात ह्यांचं नाव आहे. तुम्ही ते मुद्दाम ठेवलंत, मला बरं वाटावं म्हणून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलंही. मी पान कपाटात ठेवून दिलं, तसंच पाठवायचं ठरवलं होतं. मग आज सकाळी पुन्हा काढलं. हे गेले. डिसेंबरात गेले. गाडी माझी आहे. तिथेही माझं नाव घाला.

काल मिस्त्रीला शेजारी बसवून ती गल्लीच्या टोकापर्यंत नेली. वळवता आली नाही. दोघांनी ढकलत मागे आणली. उद्या पुन्हा नेणार आहे.

वहिनी